थकलेल्या पगाराचे गाव

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. त्यांतले बहुतेक पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले. ही माणसे नेमकी कुठली, याचा माग काढताना मला तो प्रदेश नकाशावर गावागावाने पाहण्याची सवय लागली. त्याच नादात क्रुशिन्यानी हे गाव भेटले. वळिवड्याशी त्याचा थेट संबंध मला जोडायचा नाही. पण त्याची कथा मराठी वाचकाला परकी वाटू नये.

हे गाव पोलंडच्या ईशान्य कोपऱ्यात, बियालिस्तोक शहराच्या पूर्वेला आहे. बेलारूसची सरहद्द तिथून अवघ्या काही किलोमीटरवर. हिमयुगातल्या हिमनद्यांनी मागे टाकलेल्या रेताड टेकड्या, पाइनची झाडी आणि मधूनमधून शेते. जमीन काही फार कसदार नाही. वस्ती इतकी लहान की आपल्याकडे तिला वाडीच म्हटले असते. पण या वाडीत हिरव्या रंगाची, दोन मनोऱ्यांची एक जुनी लाकडी मशीद आहे. मनोऱ्यावरची चंद्रकोर दिसली नाही, तर लांबून ती त्या भागातले एखादे लाकडी चर्चच वाटावी. कारण बांधकामाची धाटणी तिथल्याच सुतारांची आहे. आत पुरुषांची आणि स्त्रियांची दालने वेगळी. मागच्या झाडीत तातारांचे कबरस्तान असून तिथल्या दगडांवर अरबी, पोलिश आणि रशियन लेख आढळतात.

पोलंडसारख्या कॅथलिक देशात ही मशीद आली कशी? प्रचलित उत्तर असे: ऑक्टोबर १६८३ मध्ये पार्कानीच्या लढाईत राजा यान सोबिएस्की तुर्कांच्या तडाख्यात सापडला. साम्युएल मुर्झा क्शेचोव्स्की या तातार कर्नलने त्याचे प्राण वाचवले आणि राजाने प्रसन्न होऊन त्याला गाव इनाम दिले. राजाचा जीव त्या दिवशी खरोखरच धोक्यात आला होता, हे इतिहासाला धरून आहे. अडचण आहे ती तारखेची. क्रुशिन्यानीची सनद १६७९ सालची आहे, म्हणजे लढाईच्या चार वर्षे आधीची. जे घडायचेच होते, त्याचे बक्षीस आधी कसे मिळेल?

खरे कारण कमी रोमहर्षक आहे. तातार घोडेस्वार चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून लिथुआनियाच्या महाराजांच्या चाकरीत होते. १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईतही ते लढले. सतराव्या शतकात मात्र युद्धांनी खजिना रिकामा झाला, पगार थकले, जुन्या सवलतींवर गदा आली. परिणामी १६७२ साली अनेक तातार पथके सरळ तुर्कांना जाऊन मिळाली. सोबिएस्कीने राजा झाल्यावर त्यांना माफी देऊन परत आणले. पण थकलेला पगार द्यायला रोकड नव्हती. तेव्हा ग्रोदनो आणि ब्रेस्त भागातल्या राजाच्या खासगी जमिनी हुद्द्याप्रमाणे वाटून देण्यात आल्या. अट एकच, लष्करी चाकरी चालू ठेवायची. क्शेचोव्स्कीच्या वाट्याला क्रुशिन्यानीचा भाग आला, तर बोहोनिकी हे गाव दुसऱ्या स्वारांकडे गेले. सरंजामाची पद्धत माहीत असलेल्या आपल्या वाचकाला हा व्यवहार वेगळा समजावून सांगायला नको.

मग दंतकथा आणि सनद यांतल्या चार वर्षांचा एवढा बाऊ कशासाठी? माझ्या मते, त्यात गावाची पायरी ठरते. दंतकथेत तातार हे राजाच्या मर्जीने राहिलेले पाहुणे आहेत, सनदेत ते घेणेकरी आहेत. जमीन त्यांना दयेपोटी मिळालेली नाही. केलेल्या चाकरीचे येणे म्हणून मिळाली आहे.

पुढे राज्ये बदलत गेली. १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून पुसला गेला. एकोणिसाव्या शतकात गाव रशियाच्या ग्रोदनो प्रांतात होते, पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा पोलंडमध्ये, १९३९ मध्ये सोव्हिएत ताब्यात, १९४१ मध्ये जर्मनांच्या. युद्धानंतर सरहद्द नव्याने आखली गेली तेव्हा ग्रोदनो पलीकडे राहिले आणि क्रुशिन्यानी अलीकडे. तातारांच्या बहुतेक जुन्या वस्त्या आज लिथुआनिया आणि बेलारूसमध्ये आहेत. आपली मूळ भाषा त्यांनी फार पूर्वीच सोडली होती. त्यांच्या धार्मिक हस्तलिखितांची लिपी अरबी, पण भाषा बेलारुशी आणि पोलिश! आज क्रुशिन्यानीत तातार कुटुंबे मोजकीच उरली आहेत, शेजारी बहुतांशी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती.

२०१२ मध्ये पोलंडने या दोन्ही गावांच्या मशिदी आणि कबरस्तानांना ‘इतिहासाचे स्मारक’ हा सर्वोच्च दर्जा दिला. दोनच वर्षांनी क्रुशिन्यानीच्या मशिदीच्या भिंतीवर कुणीतरी डुकराचे चित्र रंगवले आणि कबरींची विटंबना केली. साडेतीनशे वर्षांकडे झुकलेले वास्तव्यही काहींना पुरेसे वाटत नाही, हे त्यातून दिसले.

२०२१ मध्ये बेलारूसच्या सीमेवरून निर्वासित येऊ लागले. पोलंडने सीमापट्ट्यात आणीबाणी लावली, क्रुशिन्यानी त्या पट्ट्यात आले आणि बाहेरच्यांना बंद झाले. त्या हिवाळ्यात सीमा ओलांडताना मेलेल्या काही मुस्लिम निर्वासितांचे दफन बोहोनिकीच्या तातारांनी आपल्या कबरस्तानात केले. मृतांशी त्यांचे नाते नव्हते, भाषाही वेगळी होती. सोबिएस्कीच्या सनदेने आलेल्या त्या रेताड जमिनीतला तुकडा त्यांनी या अनोळखी माणसांना दिला. आणि त्यासाठी कुणाकडे काही येणे लावले नाही.