काउंटरवर बटण नसलेली पेशी

बोनमॅरोची स्लाइड करताना हात चपळ लागतो. डॉक्टरांनी कमरेच्या हाडातून मगज ओढला की तो काचेवर घ्यायचा, त्यातले तेलकट चमकणारे कण निवडायचे आणि रक्त गोठायच्या आत दुसऱ्या काचेच्या कडेनं पसरायचे. मग लिशमन स्टेन, बफरचं पाणी, धुणं, वाळवणं. परळच्या एका रुग्णालयाच्या हिमॅटॉलॉजी लॅबमध्ये मी नोकरीची सगळी वर्षं हेच काम केलं. स्लाइड मायक्रोस्कोपखाली गेली की पाचशे पेशी मोजायच्या. ब्लास्ट किती, मायलोसाइट किती, नॉर्मोब्लास्ट किती. काउंटरवर प्रत्येकीचं बटण वेगळं. ते न बघता दाबण्याइतकं बोटांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

एका पेशीसाठी मात्र त्या काउंटरवर बटण नव्हतं. बाकीच्या सगळ्या जिच्यापासून होतात ती मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज २०,००० कोटींच्या आसपास नव्या तांबड्या पेशी तयार होतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वेगळ्याच. या सगळ्यांचं मूळ असलेली पेशी दिसायला साध्या लहान लिम्फोसाइटसारखी असते. कितीही सुबक रंगवली तरी ‘ही बघा ती’ असं बोट ठेवून दाखवता येत नाही. मग ती आहे हे माणसाला कळलं कसं? हा प्रश्न मला लॅबमध्ये असताना फार सतवायचा. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी त्याचा इतिहास नेटानं वाचून काढला.

तो सुरू होतो अणुबाँबपासून. ऑगस्ट १९४५मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीत स्फोटातून आणि आगीतून वाचलेली माणसं काही आठवड्यांनी मरू लागली. केस गळायचे, हिरड्यांतून रक्त यायचं, ताप चढायचा, पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा व्हायच्या. किरणांनी त्यांचा मगज जाळून टाकला होता. पुढची लढाई अणूचीच होणार या धास्तीनं अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा देशांनी किरणोत्सारावरच्या संशोधनाला हात सैल सोडून पैसा दिला. रक्ताच्या मूलपेशीचा शोध या भीतीच्या पैशातून लागला, आणि हे आपण विसरू नये असं मला वाटतं.

शिकागोत लिऑन जेकबसन यांनी १९४९मध्ये उंदरांची प्लीहा शिशाच्या आवरणानं झाकून बाकीच्या शरीरावर मारक मात्रेचे किरण सोडले. उंदीर जगले. दोन वर्षांनी एगॉन लॉरेन्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की किरण दिल्यावर दुसऱ्या उंदराचा मगज शिरेतून टोचला तरी जनावर वाचतं. पण वाचवतं कोण? प्लीहेतून, मगजातून एखादं रसायन पाझरतं आणि ते शरीराला सावरतं, असं पुष्कळांना वाटत होतं. दुसरा पक्ष म्हणत होता की परक्या पेशीच येऊन नवा संसार मांडतात. १९५६मध्ये इंग्लंडातल्या हारवेल इथं चार्ल्स फोर्ड यांच्या गटानं गुणसूत्रांवर ओळखण्याजोगी खूण असलेल्या उंदरांचा मगज वापरला. वाचलेल्या उंदरांच्या मगजात तीच खूण सापडली. वाद मिटला, पेशी दात्याच्याच होत्या. त्यातली नेमकी कोणती पेशी हे काम करते, ते अजून कळायचं होतं.

आता टोरांटो. शेरबर्न स्ट्रीटवरच्या ऑन्टारिओ कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये अगदी वेगळ्या वळणाची दोन माणसं एकत्र आली. जेम्स टिल हे शेतकरी घरातले, शिक्षणानं भौतिकशास्त्रज्ञ, आकड्यांत आणि उपकरणांत काटेकोर. अर्नेस्ट मॅकलक टोरांटोच्या सधन घरातले, डॉक्टर, कल्पनेची झेप घेणारे. प्रश्न त्यांनी साधाच घेतला होता. किरण दिलेल्या उंदराला वाचवायला मगजाच्या किती पेशी लागतात? नेहमीच्या पद्धतीत तीस दिवस थांबायचं आणि किती उंदीर जगले ते मोजायचं. ते थांबले नाहीत. दहाव्या दिवसाच्या सुमारास उंदीर उघडून आत काय चाललंय ते बघायचं ठरलं.

तो दिवस रविवार होता. मॅकलक लॅबमध्ये आले, उंदीर उघडले, आणि प्लीहेवर त्यांना बारीक गाठी दिसल्या. गाठी कोणालाही दिसल्या असत्या. मॅकलक यांनी त्या मोजल्या. कोणत्या उंदराला किती पेशी टोचल्या होत्या ते वहीत होतंच. त्यांनी दोन्ही आकडे आलेखावर मांडले, तर सरळ रेषा आली. जितक्या जास्त पेशी टोचल्या तितक्या जास्त गाठी, आणि हिशेब साधारण दहा हजार पेशींमागे एका गाठीचा. सरळ रेषेवरून अंदाज असा निघत होता की एक गाठ म्हणजे एका पेशीचं कुळ. गाठी कापून बघितल्या तर आत तांबड्या पेशींची पिलं, पांढऱ्या पेशींची पिलं, प्लेटलेट तयार करणाऱ्या भल्यामोठ्या पेशी, सगळ्या एका ठिकाणी.

स्लाइडवर न दिसणारी पेशी अशी मोजणीत सापडली. माझ्यासारखीला, जिनं आयुष्यभर मोजण्याचंच काम केलं, हे वाचून जो आनंद झाला तो शब्दांत मांडणं कठीण आहे.

हा लेख १९६१मध्ये ‘रेडिएशन रिसर्च’ या नियतकालिकात आला. शीर्षक इतकं रुक्ष की मगजाच्या पेशींना किरणांची बाधा किती होते याचं मोजमाप, एवढंच त्यातून कळावं. तो फारसा कोणी वाचला नाही. दोघं थांबले मात्र नाहीत. १९६३मध्ये त्यांचा विद्यार्थी अँड्र्यू बेकर यानं पेशींना किरणांनी हलकीशी इजा करून त्यांच्या गुणसूत्रांवर वेगवेगळ्या खुणा उमटवल्या आणि दाखवून दिलं की एका गाठीतल्या सगळ्या पेशींवर एकच खूण असते, म्हणजे जननी एकच. त्याच वर्षी लू सिमिनोविच यांच्यासोबत टिल आणि मॅकलक यांनी गाठीतल्या पेशी काढून दुसऱ्या उंदराला टोचल्या. काही गाठींतून पुन्हा नव्या गाठी उगवल्या. विरजणातून दही होतं आणि उद्यासाठीचं विरजणही त्यातच उरतं, तसं हे. मूलपेशीची व्याख्या आजही याच दोन कसोट्यांवर उभी आहे. तिच्यातून अनेक प्रकारच्या पेशी व्हायला हव्यात, आणि स्वतःसारखी पेशीही उरायला हवी. पुढच्या संशोधनात कळलं की दहाव्या दिवशीच्या गाठी बऱ्याचदा मूलपेशीच्या एक-दोन पायऱ्या खालच्या पेशींपासून झालेल्या असतात. तरी कसोटी टिकली.

उंदरांत हे चाललं असताना माणसांवरही प्रयत्न सुरू होते, आणि तो भाग वाचताना जीव कासावीस होतो. १९५७मध्ये डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांना दुसऱ्यांचा मगज शिरेतून दिला. दोघांत तो धरला, पण शंभर दिवसांपलीकडे एकही जगला नाही. पुढच्या दहा वर्षांत जगभरात सुमारे दोनशे रुग्णांवर असे प्रयोग झाले आणि जवळजवळ सगळे रुग्ण गेले. कुठे मगज धरलाच नाही, कुठे धरला आणि दात्याच्या पेशी रुग्णाच्याच कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर उलटल्या. बहुतेकांनी हा नाद सोडला. थॉमस यांनी सोडला नाही. ते कुत्र्यांवर काम करत राहिले, आधी कूपरस्टाउनला, १९६३पासून सिअॅटलला. पॅरिसच्या जाँ दोसे यांनी १९५८मध्ये पांढऱ्या पेशींवरच्या ज्या खुणांचा पहिला धागा पकडला होता, त्या खुणा दाता आणि रुग्ण यांच्यात जुळल्या की निभावतं, हे हळूहळू स्पष्ट झालं. १९६८मध्ये मिनेसोटात रॉबर्ट गुड यांच्या गटानं जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या एका बाळाला त्याच्या बहिणीचा मगज दिला. ते बाळ जगलं आणि मोठं झालं. १९७७मध्ये थॉमस यांच्या गटानं ल्युकेमियाच्या शेवटच्या टप्प्यावरच्या शंभर रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. तेरा जण रोगमुक्त होते. ज्या शंभरांना दुसरी कुठलीच आशा नव्हती त्यांच्यातले हे तेरा, हे लक्षात घेतलं की आकड्याची किंमत कळते. १९९०मध्ये थॉमस यांना नोबेल मिळालं.

त्यांच्या पत्नी डॉटी यांच्याबद्दल सांगायलाच हवं. त्यांनी पत्रकारितेचं शिक्षण सोडून लॅब टेक्निशियनचं शिक्षण घेतलं आणि आयुष्यभर नवऱ्याच्या लॅबचा कारभार पाहिला, लेख तपासले. या उपचाराची आई म्हणून त्यांना मान मिळाला. आमच्या पेशातली बाई या इतिहासात इतक्या ठळकपणे उभी आहे याचा मला अभिमान वाटतो.

सिअॅटलचं हे ज्ञान थेट परळला आलं. लहानपणी पोलिओ झालेले, व्हीलचेअरवरून वॉर्डात फिरणारे डॉ. सुरेश अडवाणी सिअॅटलला थॉमस यांच्याकडे शिकून आले, आणि १९८३मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यांनी ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मगज दिला. भारतातलं हे पहिलं यशस्वी बोनमॅरो प्रत्यारोपण. तीन वर्षांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम सुरू झालं. थॅलेसेमियाच्या मुलांचं, दर काही आठवड्यांनी रक्त चढवून घेण्यात ज्यांचं बालपण जायचं त्यांचं, आयुष्य या उपचारानं पालटतं.

वय वाढलं की या पेशींचं काय होतं, याचं उत्तर अलीकडे मिळू लागलं आहे. वयाच्या ११५व्या वर्षी, २००५मध्ये वारलेल्या हेन्ड्रिक्ये व्हान आन्डेल-स्खिपर या डच बाईंनी देहदान केलं होतं. त्यांच्या पांढऱ्या पेशींपैकी जवळपास दोनतृतीयांश पेशी अवघ्या दोन मूलपेशींच्या वंशातल्या निघाल्या. 

एवढ्या कष्टानं कमावलेल्या शब्दाचा आज बाजार मांडलेला दिसतो, तेव्हा माझा संताप होतो. आमच्या नात्यातल्या एका घरानं ऑटिझम असलेल्या मुलासाठी ‘स्टेम सेल’चं पॅकेज घेतलं, दागिने मोडून. मुलात काहीही फरक पडला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. बाकीचा वापर फक्त नोंदणी केलेल्या चाचणीत करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. गुडघा, मधुमेह, ऑटिझम यांसाठी कोणी दरपत्रक पुढे केलं तर उठून चालू लागा.

खऱ्या उपचाराला पैशांखेरीज आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे जुळणारा दाता. सख्ख्या भावाबहिणीशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक, आणि आता घरात मुलं असतात एक किंवा दोन. घराबाहेर शोधायचं तर आपल्याच भागातल्या, आपल्याच समाजातल्या माणसाशी जुळण्याची शक्यता जास्त. म्हणून दात्यांच्या नोंदवहीत मराठी तरुण मुलामुलींची नावं भरपूर हवीत. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून घेतात, बस. पुढे कधी बोलावणं आलंच तर बहुतेक वेळा हाडाला सुई लावत नाहीत. काही दिवस इंजेक्शनं देऊन मूलपेशी रक्तात उतरवतात आणि हाताच्या शिरेतून मशीननं वेगळ्या करतात. दात्याचा मगज ती उणीव लवकरच भरून काढतो. तुमचं वय अठरा पूर्ण असेल आणि प्रकृती ठणठणीत असेल, तर नाव नोंदवा. नोंदवल्यावर बोलावणं आलं की मात्र मागे फिरू नका, कारण तोवर रुग्णाचा स्वतःचा मगज औषधांनी संपवायला सुरुवात झालेली असू शकते.