काळी बिअर आणि 'स्टुडंट'

मंडळी, मागच्या महिन्यात कामानिमित्त डब्लिनला जाणं झालं. तिथे पबमध्ये गिनेस मागितली, तर बारवाल्याने ग्लास पाऊण भरला आणि सरळ बाजूला ठेवून दिला. दोनेक मिनिटांनी येऊन वरचा भाग भरला. (मामा, वाचत असाल तर आईला सांगू नका.) घोट एकदम मऊ. मागाहून भाजलेल्या बार्लीची कडसर चव येते, थेट कोऱ्या कॉफीची आठवण करून देणारी.

हे दोन टप्प्यांत भरणं जुनं. पूर्वी पबात दोन पिंपं असत, एकात ताजी फसफसणारी बिअर, दुसऱ्यात मुरलेली. आर्थर गिनेसने १७५९ साली सेंट जेम्स गेटची जागा वर्षाला ४५ पौंडांवर ९००० वर्षांसाठी (हो, तीन शून्यं!) भाड्याने घेतली होती. त्यानंतर बरोब्बर २०० वर्षांनी, १९५९ मध्ये, कंपनीतल्या मायकेल अ‍ॅशने कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला नायट्रोजन वापरून एकाच पिंपातून तसा फेस काढून दाखवला. नायट्रोजन बिअरमध्ये फारसा विरघळत नाही, म्हणून बुडबुडे अगदी बारीक राहतात. मऊपणा त्याचाच.

गंमत म्हणजे हा अ‍ॅश गणितज्ञ. बिअरच्या कारखान्यात गणितज्ञ कशाला? तर ती परंपराच होती. १८९९ मध्ये तिथे विल्यम गॉसेट नावाचा ऑक्सफर्डचा पदवीधर लागला. बार्लीचं कुठलं वाण चांगलं हे ठरवायला त्याच्या हाती मोजकीच शेतं, मोजकेच नमुने. तेव्हाचं संख्याशास्त्र शेकडो नमुने असतील तरच बोलायचं! मग या पठ्ठ्याने ३००० कैद्यांची उंची आणि बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे पिसले आणि चार-चारचे गट पाडून आपलं गणित ताडून पाहिलं. कॉम्प्युटर नसताना!

१९०८ मध्ये शोधनिबंध छापून आला, पण कंपनी स्वतःच्या नावाने लिहू देईना. म्हणून सही 'स्टुडंट'. आपण कॉलेजात घोकलेली 'स्टुडंट्स टी-टेस्ट' ती हीच. आमच्या वर्गात हा स्टुडंट कोण, असं कुणीच विचारलं नव्हतं. मला वाटायचं, विद्यार्थ्यांना छळते म्हणून हे नाव.

आपल्यातले निम्मे लोक टोपणनावानेच लिहितात, पण आपल्याला कुणी भाग पाडलेलं नाही. गॉसेटने त्याबद्दल कुरकुर केली की नाही, देव जाणे. नोकरी मात्र सोडली नाही. १९३७ मध्ये वारला तेव्हाही तो गिनेसमध्येच होता.