‘औषध’ आणि घर : मुंबईच्या चाळींतील कीडनियंत्रणाचा इतिहास

मराठीत ढेकूण, झुरळे व उंदीर मारण्यासाठी जे विष वापरले जाते, त्यास ‘औषध’ म्हणतात. ‘खोलीत औषध मारले’, ‘उंदरांचे औषध ठेवले’ असे आपण सहज बोलतो. विषप्राशनाची दुर्वार्ताही ‘औषध घेतले’ या शब्दांतच सांगितली जाते. उपचार आणि विष या दोहोंचा निर्देश एकाच शब्दाने व्हावा, ही केवळ भाषिक गंमत नव्हे. कीड हा घराला जडलेला रोग असून मात्रा दिली की तो बरा होतो, अशी धारणा या शब्दप्रयोगामागे दडलेली आहे. मुंबईतील सार्वजनिक गृहबांधणीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या धारणेची परीक्षा पाहणारा आहे. प्रस्तुत लेखात त्यातील काही टप्प्यांचा विचार करावयाचा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. या रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता. परंतु तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे निश्चित झाले नव्हते. साहजिकच संशय घराच्या भिंतींवर, जमिनीवर व कोंदट हवेवर गेला. पंपांनी कार्बोलिक आम्ल व पाऱ्याच्या क्षाराचे द्रावण खोल्यांत फवारण्यात आले, चुना फासण्यात आला, ऊन आत यावे म्हणून कौले उतरवण्यात आली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली गेली. एवढ्या खटाटोपाने घर धुऊन निघाले, पण उंदीर शेजारच्या घरात गेले आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवाही त्यांच्यासोबत गेल्या. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. या घटीत मृत्यू आणि पलायन या दोहोंचा वाटा होता.

पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत पिसवांच्या भूमिकेविषयी प्रयोग केले होते. तथापि त्यांच्या निष्कर्षांना तत्काळ मान्यता मिळाली नाही. १९०५ मध्ये मुंबईत काम सुरू केलेल्या प्लेग संशोधन आयोगाने या प्रश्नाचा निकाल लावला. त्यासाठी योजलेला एक प्रयोग गृहबांधणीच्या अभ्यासकाने आवर्जून लक्षात घ्यावा असा आहे. आयोगाने सहा लहान खोल्या बांधल्या. त्यांच्यात फरक होता तो केवळ छपराचा. दोन खोल्यांवर साधी देशी कौले होती, ज्यांखाली उंदीर सुखाने राहतात. दोहोंवर सपाट कौले होती, जिथे त्यांना तितकीशी सोय नव्हती. उरलेल्या दोहोंवर पन्हाळी पत्रे होते. उंदीर किंवा त्यांची विष्ठा आत येऊ नये, पण पिसवा मात्र खाली पडू शकाव्यात, अशी तारेची जाळी सहाही खोल्यांच्या छपराखाली ताणली होती. आत गिनिपिग ठेवण्यात आले. जिथे उंदरांचा वावर होता, तिथे पिसवा झाल्या आणि एका प्राण्याचा रोग दुसऱ्यास जडला. जिथे पिसवा नव्हत्या, तिथे रोगी प्राणी शेजारी असूनही निरोगी प्राणी वाचले. सजीवाचे भवितव्य छपराच्या रचनेवर ठरते, असेच या प्रयोगातून सिद्ध झाले.

हिवतापाबाबतही हाच धडा मिळाला. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांवर अहवाल सादर केला. दलदलीपेक्षा घराघरांतील विहिरी व टाक्या हेच अॅनॉफेलिस स्टीफेन्सी या डासाचे खरे माहेरघर असल्याचे त्यातून दिसून आले. विहिरी बुजवण्यास वा झाकण्यास धार्मिक कारणांनी विरोध झाला, आणि तो समजून घेण्याजोगा होता. कारण विहिरीचे पाणी अनेकांच्या आचारधर्माचा भाग होते. यातून जाळीदार झाकणांसारख्या तडजोडी निघाल्या. आज ज्यास ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन’ म्हटले जाते, त्याचे मर्म या उपायांत होते : किडीचे अन्न, पाणी व आसरा तोडणे, तिच्यावर सतत लक्ष ठेवणे आणि विषाचा उपयोग अखेरीस, मोजका व नेमक्या जागी करणे.

हे ज्ञान हाती असताना घरे कशी बांधली गेली? १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले व काही चाळी उभारल्या. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. काँक्रीटच्या या इमारतींत देशी कौलांचा प्रश्न उरला नाही. परंतु सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत एक कुटुंब, पुढे त्याची दोन-तीन कुटुंबे, पाळीपाळीने झोपणारे गिरणीकामगार आणि मजल्यावर सामाईक शौचालये, अशी स्थिती झाल्यावर धान्याचा डबा, मोरी व अंथरूण यांत अंतर ते किती राहणार? उन्हात खाटा आपटणे, सांध्यांत उकळते पाणी ओतणे या बायकांच्या नित्याच्या कष्टांवरच ढेकणांचा बंदोबस्त अवलंबून राहिला.

अशा वेळी डीडीटी आले. पाउल म्युलर यांनी १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण शोधला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचे ध्येय ठरले. १९६० च्या दशकात देशातील रुग्णसंख्या सुमारे एक लाखापर्यंत उतरली, हे यश निःसंशय मोठे होते. परंतु डासांत प्रतिकारशक्ती आली, देखरेख सैल झाली आणि १९७६ मध्ये रुग्ण साठ लाखांच्या वर गेले. ‘औषधा’चा गुण उतरला, तेव्हा मोरी, टाकी व गटार होती तिथेच होती.

विषाच्या धोक्याची कायद्याने दखल घेतली ती एका दुर्घटनेनंतर. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळले गेलेले पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या विचारविनिमयातून १९६८ चा कीटकनाशक अधिनियम व १९७१ चे नियम आले. वेष्टनावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा हे विषारीपणाचे रंग त्यांतूनच ठरले. पदपथावर सुटी पुडी घेणाऱ्यापर्यंत मात्र हे रंग पोहोचतच नाहीत. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांपासून निघणारा वायू फटींतून शेजारच्या खोलीत जातो. म्हणूनच त्या प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीखेरीज वापरण्यास मनाई आहे. भिंत सामाईक असलेल्या घरात एकाने मारलेले ‘औषध’ दुसऱ्याच्या श्वासात उतरते, आणि एका खोलीतून हाकललेली झुरळे दुसरीत बिऱ्हाड करतात. चाळीत कीड हा खासगी प्रश्न कधीच नसतो.

या व्यवस्थेचा भार कोणी वाहिला, हेही नोंदले पाहिजे. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कामगार टाक्यांवर चढून अळ्या शोधतात, फवारणी करतात. रात्रपाळीचे मूषकसंहारक काठी व विजेरी घेऊन गल्ल्यांतून फिरतात. रात्रीस तीस उंदरांचा त्यांचा कोटा बराच चर्चिला गेला आहे. उकिरडा तसाच ठेवून केलेली ही मोजणी म्हणजे रोगाऐवजी लक्षणांचाच हिशेब होय.

शहर आखीव असले म्हणून हा प्रश्न सुटतो असेही नाही. सेक्टरांत विभागलेल्या चंदीगढमध्ये डेंग्यूच्या हंगामात घरोघरच्या कूलरमधील पाणी तपासावे लागते. मुंबईत जे स्थान विहिरीचे व टाकीचे, तेच तिथे कूलरचे.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या रहिवाशांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. या उंच इमारतींत कचऱ्याची वाट, गच्चीवरील टाकीचे झाकण व नळवाहिन्यांच्या पोकळ्या यांची निगा कोण व कोणत्या खर्चाने राखणार, यावर तेथील आरोग्य ठरेल. उंदरांना थारा न देणाऱ्या छपराने जे १९०५ नंतरच्या त्या प्रयोगात साधले, ते बाटलीतल्या ‘औषधा’ने साधत नाही, हे मुंबईला शतकापूर्वीच कळले होते. ते कळणे आता घर बांधणाऱ्यांच्या आराखड्यांत उतरणे बाकी आहे.