कुत्र्याच्या शेपटापासून कायद्याच्या पानापर्यंत

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्समध्ये अल्किबिआडीस नावाचा देखणा, श्रीमंत आणि कमालीचा वादग्रस्त पुढारी होऊन गेला. त्याने ७० मिना मोजून एक कुत्रा घेतला. ही रक्कम म्हणजे कुशल कारागिराची जवळपास ७,००० दिवसांची मजुरी. मग त्याने त्या कुत्र्याचं देखणं शेपूटच छाटून टाकलं. शहरभर छी-थू झाली. मित्रांनी ती त्याच्या कानावर घातली, तेव्हा तो म्हणाला की मला हेच हवं होतं. लोक यावर बोलत राहिले तर माझ्याविषयी याहून वाईट काही बोलणार नाहीत. प्लुटार्कने सुमारे पाचशे वर्षांनंतर ही हकिकत नोंदवली. पुढाऱ्याने स्वतःच्या वागण्याने जनतेचं लक्ष मुद्दाम वळवल्याच्या जुन्या दाखल्यांपैकी हा एक.

हा दाखला अथेन्सचा असावा, यात नवल नाही. तिथे नागरिक सभेत बसून स्वतः निर्णय घेत. जिथे राजाचा शब्द हाच कायदा असतो, तिथे प्रजेचं लक्ष कायद्यावरून हटवण्याची फारशी गरज पडत नाही. ही गरज लोकशाहीत निर्माण होते, कारण तिथे कायदा करणाऱ्याला पुन्हा मतं मागायला यावं लागतं. म्हणून या युक्तीचा पुढचा ठळक टप्पा शोधायला आपल्याला दूरचित्रवाणीच्या काळात, इटलीत यावं लागतं.

सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी १९९४ मध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा देशातल्या तीन मोठ्या खासगी वाहिन्या त्यांच्याच कुटुंबाच्या होत्या. १३ जुलै १९९४ रोजी त्यांच्या सरकारने लाचखोरीसारख्या गुन्ह्यांतल्या आरोपींना खटल्याआधी तुरुंगात ठेवण्यावर बंधनं घालणारा वटहुकूम काढला. त्याच दिवशी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इटलीने बल्गेरियाला २-१ असं हरवलं. पण लोक सामन्यात गुंगून राहिले नाहीत. मिलानच्या सरकारी वकिलांनी दूरचित्रवाणीवर येऊन जाहीर निषेध केला, जनता संतापली आणि आठवड्याभरात सरकारने माघार घेतली. लोकांनी त्या वटहुकुमाला चोरांना वाचवणारा वटहुकूम म्हटलं होतं.

पुढे फुटबॉलच्या जागी स्वतः नेताच आला. जून २००३ मध्ये इटलीच्या संसदेने देशातल्या पाच सर्वोच्च पदाधिकाऱ्यांवरचे फौजदारी खटले पदावर असेपर्यंत थांबवणारा कायदा केला. त्याचा सरळ लाभ बेर्लुस्कोनींना होता. २ जुलैला ते स्ट्रासबुर्गच्या युरोपीय संसदेत बोलायला उभे राहिले. जर्मन सदस्य मार्टिन शुल्त्स यांनी त्यांच्या हितसंबंधांवर बोट ठेवलं. त्यावर बेर्लुस्कोनी म्हणाले की इटलीत नाझी छळछावण्यांवर चित्रपट निघतो आहे, त्यात कैद्यांवरच्या मुकादमाच्या भूमिकेसाठी मी तुमचं नाव सुचवतो. जगभर मथळे झाले ते या अपमानाचे. शुल्त्स यांचा प्रश्न मागे पडला. तो कायदा जानेवारी २००४ मध्ये घटना न्यायालयाने रद्द केला.

२००९ चा उन्हाळा याहून बोलका होता. पंतप्रधान बेर्लुस्कोनींच्या पत्नीची घटस्फोटाची मागणी, त्यांच्या खासगी निवासातल्या पार्ट्या, यांनी वर्तमानपत्रं भरून वाहत होती. त्याच जुलैत संसदेने सुरक्षेचा कायदा मंजूर केला. परवान्याविना देशात येणं किंवा राहणं हा त्याने गुन्हा ठरवला आणि त्यासाठी ५,००० ते १०,००० युरोंचा दंड ठेवला. पार्ट्यांच्या कथा पुढे मागे पडल्या. कलमं मात्र स्थलांतरितांच्या रोजच्या आयुष्यात उतरली.

मग आली समाजमाध्यमं. २६ जून २०१७ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने अंदाज दिला की सिनेटपुढचं आरोग्य विधेयक मंजूर झालं तर २०२६ पर्यंत २ कोटी २० लाख अधिक लोक विम्याविना राहतील. तीनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका महिला वृत्तनिवेदकाच्या चेहऱ्याविषयी हीन ट्विट केलं आणि दिवसभर चर्चा झाली ती त्याचीच. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला त्यांनी मुस्लिमद्वेषी चित्रफिती पुढे पाठवल्या. त्याच आठवड्यात, २ डिसेंबरच्या पहाटे, समासात हाताने दुरुस्त्या लिहिलेलं करविधेयक सिनेटने ५१-४९ ने मंजूर केलं. अखेरच्या कायद्यात कंपन्यांवरचा कर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आला तो कायमचा. सामान्य करदात्यांच्या सवलतींना मात्र २०२५ अखेरची मुदत होती.

जून २०२५ मध्ये ट्रम्प आणि उद्योगपती इलॉन मस्क यांच्यात जाहीर भांडण पेटलं. भांडणाचं मूळ एका विधेयकातच होतं, तरी लोकांपर्यंत पोहोचले ते टोमणे. ४ जुलैला त्या विधेयकाचा कायदा झाला. त्याच अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार त्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे १ कोटी अधिक लोक विमा गमावतील.

यातलं किती मुद्दाम आणि किती स्वभावाने घडलं? अल्किबिआडीसने हेतू कबूल केल्याचं प्लुटार्क सांगतो. बाकीच्यांबद्दल तसा पुरावा नाही. शिवाय एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या, म्हणून एक दुसरीसाठी घडवली असं सिद्ध होत नाही. पण मला हेतूचा प्रश्न दुय्यम वाटतो. अपमानाची बातमी पाच मिनिटांत तयार होते. पाचशे पानांचं विधेयक वाचायला जाणकार माणूस, वेळ आणि पैसा लागतो. ही तफावत आहे तोवर नेत्याने ठरवलं काय, न ठरवलं काय, फायदा कायद्यालाच मिळतो.

तरीही ही युक्ती अजिंक्य नाही. १९९४ मध्ये मिलानच्या वकिलांनी कलमाची भाषा लोकांना समजेल अशी सांगितली. २२ जून २०१७ रोजी वॉशिंग्टनमध्ये अपंग नागरिक चाकांच्या खुर्च्यांसह सिनेटच्या बहुमत नेत्याच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडून बसले. पोलिसांनी त्यांना उचलून नेलं, तरी विषय आरोग्य विम्याचाच राहिला. २८ जुलैला सिनेटमध्ये आरोग्य विधेयक ४९-५१ ने पडलं. दोन्हीकडे भर नेत्याला शरमिंदा करण्यावर नव्हता. बोट ठेवलं गेलं ते कलमावर.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती: एखादा नेता काहीतरी भयंकर बोलला की रागवा जरूर, पण त्याच दिवशी सभागृहापुढे कोणतं विधेयक आहे तेही शोधा. आपल्या वर्तमानपत्राकडे, वाहिनीकडे त्याची माहिती मागा. नेत्याचे शब्द चार दिवसांत विरतात. कायदा बदलेपर्यंत लागू राहतो.