कापूस आधी गेला, माणसं नंतर

आमच्या मोताळ्याहून मलकापूरचं स्टेशन जवळ. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाच्या गाठी मुंबईमार्गे विलायतेला जायला सोपं झालं. माणसं मात्र फार उशिरा गेली. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली निघाले, एडिंबरा आणि ऑक्सफर्ड करून बॅरिस्टर होऊन परतले. शाळेत इतिहास शिकवताना मी हेच सांगायचो. तिथं ते जेवले काय, एकटे पडले तेव्हा कुणाशी बोलले, हे पोरांनी विचारलं नाही आणि परीक्षेत ते येतही नाही.

विचारलं ते माझ्या बहिणीनं. तिचा मुलगा इंग्लंडात शिकतो. ‘‘खात नाई, झोपत नाई, फोनवर नुसतं हूं हूं करते. तिथं सायंकाळी चारलेच रात्र होते म्हनते. असं कोनाचं झालं होतं का रे पह्यले?’’

झालं होतं.

आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. सोबत घरचं कुणी नाही. रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणायच्या; त्या घरात उन्हाळा बरा गेला. खरी परीक्षा पुढे फिलाडेल्फियाच्या कॉलेजात. नऊवारी नेसली की पोटऱ्या उघड्या, आणि बाहेर बर्फ. म्हणून त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. मांसाहार करायचा नाही, हा पण सांभाळून डॉक्टरकीचा अभ्यास चाललेला, त्यात आजारपणं, आणि इकडून नवऱ्याची, गोपाळरावांची, टोचणारी पत्रं. ज्यानं हट्टानं बायकोला शिकवलं त्याच माणसानं सातासमुद्रापार तिचा जीव असा का खावा, हे मला आजही उमगत नाही. ११ मार्च १८८६ला पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयानं त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. पदवीवर दर वर्षी भाषणं होतात. त्या साडीबद्दल क्वचितच कुणी बोलतं.

बाबासाहेब आंबेडकरांचंही तसंच. जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथलं जेवण घशाखाली उतरेना, तर आठवडाभरात त्यांनी ती जागा सोडली. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाच्या पारशी मित्राबरोबर राहिले. ती दोस्ती जन्मभर टिकली. दुसऱ्यांदा लंडनला गेले तेव्हा तर पैशाची फारच ओढाताण. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, आणि रात्री भूक लागली की ओळखीच्यांनी दिलेले पापड भाजून खायचे, असं चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. तेव्हा ते राहायचे ते किंग हेन्रीज रोडवरचं घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं.

भाच्याला मी हे फोनवर सांगितलं. तो हसला, फार दिवसांनी. मग म्हणाला, ‘‘मामा, कॉलेजात समुपदेशक असतात, फुकट. पण गावाकडं कळलं तर म्हणतील पोरगं येडं झालं.’’

गाव म्हणेलच, त्याची खात्री मलाही आहे. आमच्याकडे पाय मोडला तर बघायला अख्खी गल्ली येते. मन मोडलं की मांत्रिक नाहीतर लग्न, एवढेच दोन उपाय. मी त्याला म्हटलं, बाबासाहेबांनी आठ दिवसांत वसतिगृह सोडलं, त्यांना कुणी पळपुटा म्हटलं का? तूही खोली बदल. आनंदीबाईंनी एक मावशी जोडली होती, तू दोन माणसं जोड, त्यातला एक समुपदेशक असला तर काय बिघडलं?

आता तो जळगावच्या एका पोरासोबत राहतो. बहिणीनं बिबड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या पापडांचा, डबा पाठवला. त्या भाजताना खोलीतला धुराचा भोंगा वाजला आणि अख्खी इमारत खाली उतरली म्हणे. समुपदेशकाकडे तो दर गुरुवारी जातो. त्याच्या आईला आम्ही सांगितलंय की तिथले सर ज्यादा तास घेतात.