केबलवाल्याचा चौथा स्लॉट

केबलवाला म्हटलं की आपल्याला गच्चीवरून गच्चीवर वायर टाकणारा माणूस आठवतो. अमेरिकेतही सुरुवात छोट्या गावांतूनच झाली. १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया आणि ओरेगॉनमधल्या काही गावांत टीव्ही धड दिसेना, म्हणून कुणीतरी उंचावर अँटेना लावून घरोघरी वायर नेली.

पुढे त्याच वायरवर इंटरनेट द्यायचं ठरलं आणि पंचाईत झाली. प्रत्येक कंपनीचा मोडेम फक्त तिच्याच यंत्राशी बोले! १९९७ मध्ये डॉक्सिस हे सामाईक मानक आलं आणि गिऱ्हाइकाला मोडेम कुणाचाही चालू लागला.

केबलवाल्याच्या टोकाला मात्र मोठा राउटर लागे. सिस्कोच्या यूबीआर ७२४६ मध्ये मोडेम कार्डांसाठी ४ स्लॉट होते. छोट्या गावात एका कार्डावर धंदा सुरू करायचा. एका ६ मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर सेकंदाला साधारण २७ मेगाबिट मिळत, तेही सगळ्यांत वाटून. गिऱ्हाइकं वाढली की पुढचं कार्ड घ्यायचं. छोट्या भांडवलाला सोयीचंच.

पण गंमत बघा, मोडेम मोकळा झाला तरी स्लॉटमधलं कार्ड त्याच कंपनीचं घ्यावं लागे. त्यामुळे मला वाटतं, पहिलं कार्ड घेतानाच चौथ्याचा भाव विचारून ठेवणारा केबलवाला खरा हुशार.