कपाटातील चार ग्रंथ

ख्रिस्ती मराठी साहित्याचा विषय निघाला की आपल्या समाजात काही नावे अभिमानाने घेतली जातात. धर्मग्रामातील व्याख्यानमाला असो, नाताळचे स्नेहसंमेलन असो की एखाद्या लेखकाचा सत्कार असो, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण', बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन', रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे 'ख्रिस्तायन' आणि लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' ही नावे वक्त्याच्या ओठांवर ठरलेलीच. या चौघांपैकी एकटे स्टीफन्स कॅथलिक. उरलेले तिघे प्रोटेस्टंट पंथाचे. तरीही आपण चौघांनाही आपले म्हणतो, आणि त्यात वावगे काही नाही.

परंतु नाव घेणे वेगळे आणि ग्रंथ वाचणे वेगळे. यांतील कोणता ग्रंथ आपल्याला जिवाभावाचा वाटतो, कोणता आपण हाती घेऊन अर्ध्यावर मिटून ठेवला आणि कोणत्याची कीर्ती त्याच्या गुणांहून मोठी झाली, हे प्रश्न आपण एकमेकांना सहसा विचारीत नाही. घरातील वडीलधाऱ्यांविषयी शंका काढल्यासारखे वाटत असावे. आम्हांस मात्र वाटते की ग्रंथांचा इतिहास केवळ त्यांच्या प्रकाशनसालांनी पुरा होत नाही. ते कसे वाचले गेले आणि कोठे वाचायचे राहिले, हाही त्यांचा इतिहासच आहे.

आरंभ कडू घोटाने करू. 'यमुनापर्यटन' हा ग्रंथ आपल्याकडे फाजील वाखाणला गेला आहे, असे आमचे मत आहे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ साली हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. विषय असा ऐरणीवर असताना पदमनजींनी यमुना आणि तिचा पती विनायक यांना प्रवासास पाठविले आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या वाचकांपुढे मांडल्या. केशवपनाची विटंबना, घरच्या माणसांचा जाच, तरुण वयातील असाहाय्यता, हे सारे त्या काळी उघड लिहिणे धाडसाचे होते. पुढे विनायक मरण पावतो, यमुना ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

हे धाडस मान्य करूनही सांगावे लागते की यमुना माणूस म्हणून आपल्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. पात्रे परस्परांशी बोलत नाहीत, उपदेश करतात. कहाण्या एकीमागून एक येतात आणि यमुना त्या ऐकून घेते. पुढे १८९० च्या दशकात हरि नारायण आपटे यांनी 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी लिहिली. तिच्याही नायिकेचे नाव यमुनाच, घरात तिला यमू म्हणत. विषयही तोच, विधवेची दुर्दशा. ती यमू वाचणाऱ्याच्या मनातून वर्षानुवर्षे जात नाही. पदमनजींच्या यमुनेविषयी असे म्हणणारा वाचक आम्हांस अद्याप भेटलेला नाही. तरीही 'मराठीतील पहिली कादंबरी' एवढ्या एका बिरुदावर आपण हे पुस्तक मिरवीत आलो. मराठी साहित्याच्या जमिनीवर आपलाही सातबारा आहे हे दाखविण्यासाठी तो कागद उपयोगी पडतो खरा, पण सातबारा कोणी आवडीने वाचीत बसत नाही.

यात खरा अन्याय होतो तो पदमनजींवर. त्यांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' पुढे प्रसिद्ध झाले. परंपरानिष्ठ घरात वाढलेला एक मुलगा, मिशनच्या शाळेतील शिक्षण, मुंबईत गुप्तपणे चालणारी परमहंस मंडळी, जुन्या श्रद्धेचा मोडत चाललेला आधार आणि नव्या श्रद्धेच्या उंबरठ्यावर दीर्घकाळ रेंगाळलेले पाऊल, हे सर्व त्या पुस्तकात आहे. तेथे लेखक उपदेशकाच्या आसनावरून खाली उतरतो. एखाद्या घरात या दोहोंपैकी एकच पुस्तक राहणार असेल, तर ते 'अरुणोदय' असावे.

आता फादर स्टीफन्स. येथे प्रश्न फाजील कीर्तीचा नाही. 'ख्रिस्तपुराणा'ची योग्यता त्याच्या कीर्तीहून कमी नाही, किंबहुना काकणभर अधिकच आहे. येथे प्रश्न आहे तो अर्ध्यावर राहिलेल्या वाचनाचा. अर्ध्यावर म्हणणेही उदारपणाचे होईल. मराठी भाषेचे कौतुक करणाऱ्या ज्या ओव्या पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून आणि मराठी भाषादिनाच्या फलकांवरून सर्वांना ठाऊक आहेत, त्या पहिल्याच अवस्वरूत येतात. अवस्वरू म्हणजे या पुराणाचा अध्याय. पहिल्या पुराणात असे ३६ आणि दुसऱ्या पुराणात ५९, मिळून ९५ अवस्वरू व सुमारे ११,००० ओव्या. त्यांतील पाच-सहा ओव्या म्हणून आपण ग्रंथ मिटतो. एखाद्याने मंदिराच्या दारावरील नक्षीची वाखाणणी करून आत न जाताच घरी परतावे, तसे हे झाले.

हा ग्रंथ कोणासाठी झाला हे ध्यानात घेतले, म्हणजे तो का वाचावा हे कळते. स्टीफन्स मूळचे इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातले. एलिझाबेथ राणीच्या अमदानीत तेथे कॅथलिक धर्म पाळणे संकटाचे झाले होते. १५७५ साली ते रोममध्ये येशूसंघात दाखल झाले, १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून गलबतात बसले आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले. १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ४० वर्षे, ते या भूमीत राहिले. त्यांतील बहुतेक काळ त्यांनी गोव्यातील साष्टी प्रांतात घालविला. स्वदेशात ज्याला आपला धर्म मोकळेपणाने पाळता आला नाही, असा हा माणूस परक्या भाषेत पुराण रचतो, ही गोष्टच विलक्षण आहे.

ग्रंथाच्या आरंभी नवख्रिस्ती श्रोत्यांची तक्रार येते. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, अशा आशयाचा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न टाळून पुढे जाणे सोपे होते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पुराणश्रवण चालत आले होते, त्यांची ती ओढ स्टीफन्स यांनी पाप मानली नाही. तिला उत्तर म्हणून त्यांनी हे पुराण रचले. त्यासाठी भाषा निवडली तीही विचारपूर्वक. धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरे त्यांनी बोलीभाषेत, म्हणजे कोकणीत लिहिली. ती 'दौत्रिना क्रिस्तां' या नावाने १६२२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. पुराण मात्र मराठीत, कारण पुराणांची भाषा तेथे मराठी होती. कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषांचे अभिमानी आज स्टीफन्स यांना आपल्याकडे ओढतात. त्यांनी स्वतः दोन्ही घरे सांभाळली होती.

पुस्तक १६१६ साली राचोल येथे छापले गेले, तेही रोमी लिपीत. देशी लिपीत छापण्याची स्टीफन्स यांची मनापासून इच्छा होती. १६०८ सालच्या पत्रात ते आपली अडचण सांगतात की या अक्षरांसाठी सुमारे ६०० साचे पाडावे लागतील. १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढून तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे ठरविले. ज्या भाषेत धर्मगुरूने पुराण रचले, तिच्यावरच राज्यकर्त्यांची वक्रदृष्टी झाली.

तरीही ग्रंथ वाचला, तो सामान्य कुटुंबांमुळे. गोव्यातून दक्षिणेकडे स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी त्याची हस्तलिखिते जपली. १७८४ साली टिपू सुलतानाने मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास कैदेत नेले, त्या बंदिवासात याच ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे परंपरा सांगते. अशा घरांतील पोथ्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला रोमी लिपीतील आवृत्ती सिद्ध केली. लंडन येथे मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित असल्याचे डॉ. जस्टिन ॲबट यांनी १९२५ च्या सुमारास निदर्शनास आणले. पुढे १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आली, आणि १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांची. म्हणजे ग्रंथ मिळत नाही ही सबब आता उरलेली नाही.

मग वाचन अडते कोठे? आमच्या मते ते डोळ्यांपाशी अडते. ओवी ही कानाची वस्तू आहे. साष्टीतील देवळांत रविवारी आणि सणाच्या दिवशी मिस्सानंतर हे पुराण मोठ्याने वाचले जात असे. लोक ऐकत, आणि ग्रंथातही श्रोते मध्येच प्रश्न विचारतात व गुरू उत्तर देतो. एकट्याने खुर्चीत बसून मुकाट्याने पाने उलटण्यासाठी तो लिहिलेलाच नाही. दर रविवारी एक अवस्वरू घेतला तर ९५ रविवारांत, म्हणजे दोन वर्षांच्या आत, सबंध पुराण पुरे होते. ज्यांना एवढा धीर नसेल त्यांनी पहिले पुराण तूर्त बाजूस ठेवून दुसऱ्यापासून आरंभ करावा. तेथे प्रभूची जीवनकथा आहे, आणि कथा ठाऊक असली म्हणजे जुनी भाषाही हळूहळू आपली गाठ सोडते. आगमनकाळात जन्मकथेचे अवस्वरू आणि प्रायश्चित्तकाळात दुःखसहनाचे, एवढे तरी घरोघरी होण्यासारखे आहे. शब्दार्थासाठी दर ओळीला थांबू नये. आपले पूर्वजही प्रत्येक शब्द उमजून ऐकत असतील असे नाही.

'स्मृतिचित्रां'साठी असा कोणताही उपाय सुचवावा लागत नाही. हा आपल्या घरांतील खरा आवडता ग्रंथ. एकाच घरात आजी, सून आणि नात यांनी वाचलेली अशी पुस्तके थोडीच असतात. चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात ते प्रसिद्ध झाले. देवदत्त टिळकांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, त्यासाठी आईने आठवणी सांगाव्यात असा मूळ बेत होता. चरित्राच्या सामग्रीसाठी काढलेल्या या आठवणींनी चरित्रनायकालाच मागे टाकले, ही साहित्यातील एक मौजेची गोष्ट आहे.

लक्ष्मीबाईंचे बालपण सोवळ्याच्या अतिरेकात गेले. बाजारातून आलेली वस्तू, मीठसुद्धा, धुऊन घरात घेणारे वडील त्या रंगवितात, आणि वाचणारा हसू लागतो. त्या हसण्यात वडिलांविषयी द्वेष नसतो. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढील सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीचे त्यांचे वर्णन धर्मांतराच्या कोणत्याही गोडगोड कथेत बसणारे नाही. पती जिवंत असून पत्नी दुरावलेली, नातलगांची सहानुभूती आणि टोचणी एकाच ताटात वाढलेली. पदमनजींनी ज्या स्त्रीदुःखावर प्रकरणे लिहिली, ते लक्ष्मीबाईंनी वेगळ्या रूपात स्वतः भोगले. आणि लिहिताना उपदेशाचा एक शब्दही त्यांना लागला नाही. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तोही पतीच्या मागे फरफटत जाऊन नव्हे. जातिभेदाचे ओझे मनातून कसे उतरले, हे त्या अशा सहजतेने सांगतात की परधर्मीय वाचकालाही ते आपले वाटते. टिळकांचे थोरपण त्या जाणतात, त्यांचा तापटपणा आणि संसारातील बेफिकिरीही लपवीत नाहीत. आपल्याकडील संतचरित्रे लिहिणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा उशाशी ठेवावे, असे आम्हांस पुष्कळदा वाटते.

राहिले 'ख्रिस्तायन'. त्याचे वाचक थोडे, पण अपुऱ्या ग्रंथाचे काय होऊ शकते याचे त्यासारखे उदाहरण मराठीत विरळा. टिळकांनी हे ओवीबद्ध महाकाव्य १९०९ साली आरंभिले. रामायणाच्या देशात ख्रिस्तचरित्र त्याच थाटाने गायिले जावे, ही त्यांची आकांक्षा होती. परंतु टिळक एका जागी बसणाऱ्यांपैकी नव्हते. भजने, 'ज्ञानोदया'चे संपादन, १९१७ साली स्थापिलेला 'देवाचा दरबार', यांत वर्षे गेली. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा दहाच्या वर थोडी प्रकरणे झाली होती.

उरलेला ग्रंथ लक्ष्मीबाईंनी लिहिला. लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीनेच त्यांना लिहावाचायला शिकविले आणि जोडाक्षरांशी त्यांची झुंज पुढेही चालूच राहिली. त्याच हाताने त्यांनी साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. रसिक म्हणतील की दोन हातांची शिवण दिसते. दिसते खरी. टिळकांची ओवी पंडिताची आहे, संस्कृत शब्दांचे अलंकार लेवून येते. लक्ष्मीबाईंची ओवी साधी, घरातल्या भाषेजवळ राहणारी. आम्हांस ती शिवण झाकावी असे वाटत नाही. लक्ष्मीबाईंनी पतीचा आवाज काढण्याचा यत्न केला असता, तर ग्रंथ एकजीव झाला असता आणि निर्जीवही. १९३६ च्या फेब्रुवारीत त्यांचे देहावसान झाले. 'ख्रिस्तायन' ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले १९३८ साली, तेव्हा टिळकांना जाऊन १९ वर्षे आणि लक्ष्मीबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.